चुकलेल्याचं ताट

टेसनकाकूंच्या घरून वेळेवर निघालेला पाहुणा मी कधी पाहिला नाही. पाहुण्यानं "बरं, येतो" म्हटलं रे म्हटलं, की त्यांच्या घरात एकदम कामं सुरू होत. कढी फोडणीला पडे. सुपारीचा डबा सापडत नसे, आणि डबा सापडला की अडकित्ता हरवत असे. एवढ्यातूनही पाहुणा उंबरठ्यापर्यंत पोचलाच, तर त्याची एक चप्पल जागेवर असे आणि दुसरी गायब. ती शोधता शोधता काकू एखाद्या लांबलचक हकिगतीला हात घालत. हकिगत रंगात आली, की मध्येच थांबून स्वतःच म्हणत, "आता कायची गाडी भेटते जी तुम्हाले? उद्याच्या गाडीनं जाजा."

पाहुणा रिक्षातून आलेला असो, सायकलवर आलेला असो, नाहीतर शेजारच्या गल्लीतून चालत, हे वाक्य बदलत नसे. एकदा दूधवाल्यालाही त्यांनी उद्याच्या गाडीनं जायला सांगितलं होतं. तो बिचारा म्हणाला, "काकू, माही म्हैस वाट पाहून राहिली." त्यावर काकूंनी म्हशीची चौकशी सुरू केली आणि आमच्या गल्लीला त्या दिवशी दुपारी दूध मिळालं.

गल्ली लकडगंजातली. दिवसभर लाकूड कापणाऱ्या आरामशिनीची घरघर, नाकातोंडात भुसा, आणि ओल्या सागाचा वास. सत्तर सालानंतरची काही वर्षं मी तिथे काकूंच्या बरोबर समोरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. एका विमा कचेरीत कारकून, लग्न व्हायचं होतं, जेवण खानावळीत. सांगायचा मुद्दा, मी कायम भुकेला असे. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ताटाची गोष्ट यायची आहे.

काकूंचं खरं नाव सुभद्राबाई. पण ते फक्त रेशनकार्डावर होतं. त्यांचे यजमान, नाना, टेंभरडोह नावाच्या टेसनावर मास्तर होते, म्हणून ह्या टेसनकाकू. टेंभरडोह तुम्ही ऐकलं नसेल, आणि तो तुमचा दोष नाही. छोट्या लाइनीवरून एक फाटा जंगलात शिरत होता, मँगनीजच्या खाणीसाठी टाकलेला. त्या फाट्यावरचं हे टेसन. सकाळी एक गाडी आत जाई, तीच दुपारी परत येई. बस्स. रस्ता नाही, मोटार नाही, जवळचं गाव नाल्यापलीकडे. दुपारची गाडी चुकली की माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच अडकला. आणि अडकलेल्या माणसाला जायला एकच घर होतं, मास्तरांचं.

सगळं तारुण्य काकूंनी चुकलेल्यांना जेवू घातलं. जंगलखात्याचे गार्ड, देवी टोचणारे, खाणीवरचे बाबू, लग्नाचं अख्खं वऱ्हाड, एकदा तर माकडवाला आणि त्याची दोन माकडं. रोज संध्याकाळचा स्वयंपाक झाला, की दोघांच्या ताटांशेजारी त्या तिसरं ताट मांडत. त्याला त्या 'चुकलेल्याचं ताट' म्हणत. कुणी असलं तरी मांडायचं, नसलं तरी मांडायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. "पण पंगत कधी खाली गेली नाई माही," असं त्या सांगत, आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या मोठ्या खटल्याच्या मालकिणीचा रुबाब येई.

मग खाण संपली. माल नाही म्हणून गाडी नको, गाडी नको म्हणून टेसन नको, असं करत तो फाटाच बंद झाला. नानांना नागपूरला मालधक्क्याच्या कचेरीत आणून बसवलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. पुढे फाट्याचे रूळ उखडले, आणि खालचे लाकडी स्लीपर लिलावात निघून चक्क आमच्या लकडगंजातल्या लाकडाच्या टालावर येऊन पडले. नाना रोज सकाळी टालावर जाऊन त्या ढिगाकडे बघत उभे राहत. शेवटी टालवाल्यालाच कसंनुसं झालं आणि त्यानं एक स्लीपर हातगाडीवर घालून त्यांच्या घरी पाठवला. दोन दगडांवर आडवा टाकून नानांनी त्याचं दारापुढे बाकडं केलं. जोडे घालायला सगळे त्यावरच बसत. डांबराचा वास त्याला शेवटपर्यंत येत होता.

टेसन गेलं तरी ताट राहिलं. लकडगंजातही रोज संध्याकाळी काकू ते मांडत. भात, वरण, भाजी, भाकरी किंवा पोळी, डाव्या हाताला लोणच्याची फोड. वर दुसरं ताट झाकण. मी पहिल्या आठवड्यातच ते हेरलं. खानावळीतल्या पाणचट भाजीवर जगणाऱ्या माणसाला असलं काही लपत नाही. एकदा मी सरळच विचारलं, "काकू, हे ताट कुणाचं?"

"चुकलेल्याचं."

"मग मी बसतो की."

"तुही कोणती गाडी चुकली गा, गजू? तू तं समोरच राहते."

काकू मला एरवी काहीही देत. सांडगे, आंबाडीची भाजी, वाटीभर गोळाभात. पण त्या ताटाला हात लावू देत नसत. नियम म्हणजे नियम. गाडी चुकलेल्या माणसाचंच ते ताट, आणि समोर राहणाऱ्याची गाडी चुकायला तो मुळात जातो कुठे? एका रविवारी मी बॅग भरून, स्टेशनवर जाऊन, काटोलची गाडी डोळ्यांसमोरून जाऊ देऊन परत आलो होतो. काकूंनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "चुकवली तं ते चुकणं नोहे." बॅग रिकामीच होती, हेही त्यांनी ओळखलं.

काकूंच्या ह्या थांबवण्याच्या उद्योगाला उतारा म्हणजे नाना. सडपातळ, अबोल, कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. तोंडात दोनच शब्द, "राइट टाइम". पाहुणा उठला की नाना दारात उभे राहत. पाण्याच्या पिंपामागे काकूंनी लपवलेली चप्पल शांतपणे काढून पाहुण्यासमोर ठेवत, घड्याळ बघत आणि म्हणत, "राइट टाइम." पाहुणा सुटे. काकू रागानं भांडी घासायला बसत. नवराबायकोचं हे भांडण मी वर्षानुवर्षं पाहिलं. जिंकत नेहमी नानाच, कारण नागपूर त्यांच्या बाजूनं होतं.

खरं दुखणं हेच होतं. नागपुरात कुणाची गाडी चुकतच नव्हती. एकदा वर्ध्याचा पुतण्या खरोखर उशिरा निघाला. काकूंनी जाताना त्याला इतकं बोलण्यात गुंतवलं होतं, की त्या आतून खुशीतच होत्या. दिवेलागणीपर्यंत त्या स्लीपरवर बसून गल्लीच्या तोंडाकडे बघत होत्या. मी कचेरीतून आलो तर मला म्हणाल्या, "येईनच आता. चुकली असन त्याची." पुतण्या काही आला नाही. त्याला मागची दुसरी गाडी मिळाली होती. "एक गेली का मागून दुसरी," काकू उठता उठता म्हणाल्या, "असं कसं हे टेसन, बाप्पा." मला त्या दिवशी त्यांची फार दया आली. गंमत करावी असं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे नाना चुकलेल्याच्या ताटातला भात फोडणी घालून खात होते. हा त्यांचा रोजचा नाश्ता. ताजे पोहे त्यांच्या नशिबी फक्त सणावारी. त्याबद्दल त्यांनी हूं की चूं केलेलं मी ऐकलं नाही.

जनगणनेचा माणूस आला तेव्हाची गोष्ट. त्यानं विचारलं, घरात माणसं किती? काकू म्हणाल्या, "दोन. अन् एक चुकलेलं." तो म्हणाला, चुकलेलं म्हणजे? हरवलेलं का? पोलिसात कळवलं का? नाना आतून म्हणाले, "दोनच लिहा जी." काकूंनी त्याला बसवला, चहा दिला, जायचं कुठे विचारलं. तो म्हणाला, इथून जरीपटक्याला, सायकलनं. काकूंचा चेहरा पडला. "सायकल कशी चुकन," त्या पुटपुटल्या. तरी त्यांनी त्याला पाऊण तास बसवलाच, आणि जाताना त्याच्या खिशात तीळगुळाची वडी कोंबली.

एका हिवाळ्यात काकूंनी हट्ट धरला की टेंभरडोह एकदा बघून यायचं. नाना म्हणत होते, बघायला काय ठेवलंय? पण काकू ऐकेनात. सोबतीला मला घेतलं. एस.टी.नं जवळच्या गावापर्यंत गेलो, आता तिथवर रस्ता झाला होता. तिथून नाला ओलांडून, जिथे रूळ होते त्या उंचवट्यावरून चालत निघालो. खडी तेवढी शिल्लक होती. मधोमध पळसाची रोपं माजली होती. नाना मात्र एका कडेनं चालत होते. मी मधून चालायला लागलो तर म्हणाले, "लाइनीतून चालू नका, गजाननराव." मी निमूट कडेला आलो. गाडी येण्याची काही शक्यता नव्हती, पण मास्तर समोर होते.

फलाट म्हणजे कंबरभर गवतातला एक दगडी ओटा. नावाच्या पाटीचे दोन खांब उभे होते, पाटी कुणीतरी नेली होती. पाण्याची टाकी गंजून एका अंगावर कलली होती. तिकिटाच्या खिडकीत मैना बसली होती. काकू कुठेच न थांबता तडक क्वार्टरकडे गेल्या. त्याला छप्पर उरलं नव्हतं. त्या आत शिरल्या आणि स्वयंपाकघराच्या जागी पडलेली माती हातानं बाजूला सारायला लागल्या.

नाना आणि मी फलाटाच्या कडेला पाय सोडून बसलो. नाना कललेल्या टाकीकडे बघत होते. मग ते एकदम बोलले.

"सबंध नोकरीत एकदा मी गाडी वेळेआधी सोडली, गजाननराव."

मी त्यांच्याकडे पाहिलं. राइट टाइमवाले नाना! हे म्हणजे पुजाऱ्यानं देव विकल्यासारखं झालं.

"हिले नवीन आणलं होतं," नाना क्वार्टरकडे मान करून म्हणाले. "हिचं माहेर अमरावतीकडलं. भरलं घर, पंधरा-वीस माणसं पंगतीले. अन् इथी काय? मी अन् जंगल. मले तं बोलताबी येत नव्हतं बायकोसंगं. महिनाभर ही काही बोलली नाही. एक दिवस पाहतो तं पेटी उचलून टेसनाकडे येऊन राहिली. दुपारच्या गाडीनं माहेरी चालली. गेली असती तं वापस आली नसती. मले ते चालण्यावरूनच समजलं."

"मग?"

"मंग काय. झेंडी दाखवली. गार्ड ओरडला, मास्तर, टाइम व्हायचा आहे. मी म्हटलं, माह्या घड्याळात झाला." नाना हसले नाहीत. "गाडी गेली. ही फलाटावर पेटीवर बसून राहिली. मले वाटलं रडन, नाहीतर शिव्या देईन. काय बोलावं समजेना. मी म्हटलं, उद्याच्या गाडीनं जाजा."

इतकी वर्षं ज्या वाक्याची मी टिंगल केली, ते वाक्य काकूंचं नव्हतंच.

"संध्याकाळी मीच पिठलं टाकलं. जिंदगीत पहिल्यांदा. तिच्यापुढे ताट ठेवलं. तिनं घास खाल्ला अन् म्हणाली, मीठ जास्त झालं. हे ती माह्यासंगं बोललेलं पहिलं वाक्य. अन् पुरं ताट खाल्लं."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी म्हणाली, परवाच्या गाडीनं जाईन." नानांनी घड्याळ काढून पाहिलं आणि परत ठेवलं. "तिले अजून वाटते, तिलेच उशीर झाला म्हणून. तुम्ही बोलू नका."

परतीच्या एस.टी.ला काकूंनी अर्थातच उशीर केला. आधी त्यांना चुलीचा एक दगड सोबत हवा होता, मग पदरात बोरं वेचायची होती. नाना पुढे, काकू मागे, मध्ये दगड घेऊन मी. पोचलो तेव्हा एस.टी.ची वेळ टळून गेली होती. काकूंच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. इतक्यात वळणावरून एस.टी. आली. तीच उशिरा होती. नानांना तिच्या उशिरा येण्याचा राग आला, काकूंना तिच्या येण्याचाच.

गाडीत नानांना झोप लागली. काकू त्यांच्या गळ्याभोवती मफलर नीट करत मला हळूच म्हणाल्या, "सांगतलं ना तुले यायनं? झेंडीचं?"

मी दचकलो. काही बोलू नये तर चेहरा सगळं सांगत होता.

"मले काय समजत नव्हतं काय गा? इंजिन अजून टाकीखाली पाणी भरून राहिलं होतं, अन् यायनं झेंडी दाखवली. डायव्हर घाबरून अर्ध्या पाण्यावर पळाला." काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "त्याच येळी ठरवलं. ह्या माणसाले सोडून जाचं नाही."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही त्यांना?"

"काहून सांगू? एवढा सरळ माणूस. माह्यासाठी एक गुन्हा केला त्यानं. राहू दे ना त्याच्यापाशी."

त्यानंतर दोन वर्षांनी नाना गेले. आजारपण नाही, काही नाही. सकाळी फोडणीचा भात खाऊन स्लीपरवर उन्हाला बसले होते, तिथेच मान टाकली. वर्ध्याचा पुतण्या आला, माहेरची माणसं आली, घर गच्च भरलं. चौदावा झाला आणि माणसं परतायला लागली. आम्ही गल्लीकर काकूंकडे बघतच राहिलो. त्यांनी कुणालाही थांबवलं नाही. स्वतः दारात उभ्या राहून प्रत्येकाच्या चपला समोर ठेवत होत्या. "निघा, उशीर होईन," असं टेसनकाकू म्हणत होत्या. पुतण्यानं सोबत चला म्हणून खूप विनवलं. त्यालाही त्यांनी गाडीच्या वेळेवर काढून दिलं.

शेजारची एक बाई मला म्हणाली, काकू जेवत नाहीत. माणसांत कुणाच्या लक्षात आलं नाही, पण त्या वाढतात आणि उठतात.

संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर काकू स्लीपरवर बसल्या होत्या. घरात दिवा नव्हता. मी त्यांच्याजवळ टेकलो. त्या म्हणाल्या, "मलेबी जाचं होतं गा, गजू, यायच्यासंगं. मी मागं राहून गेली."

मी तिशीच्या आतला कारकून माणूस, असल्या वेळी काय म्हणतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी उठून आत गेलो. दिवा लावला. चुलीजवळ टेंभरडोहचा तो दगड होता, त्यावर टेकवून ठेवलेली ताटं होती. डब्यात बेसन सापडलं. पिठलं करताना मी कुणालातरी पाहिलं होतं, तेवढ्या भांडवलावर मी पिठलं केलं. सकाळची भाकरी शिल्लक होती. चुकलेल्याचं ताट घेतलं, वाढलं, डाव्या हाताला लोणच्याची फोड ठेवली आणि ते बाहेर आणून काकूंच्या शेजारी स्लीपरवर ठेवलं.

काकूंनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"उद्याच्या गाडीनं जाजा, काकू," मी म्हणालो. "आता जेवून घ्या."

त्या रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. मी तिथेच बसून राहिलो. आरामशीन बंद झालेली होती. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवून तोंडात घातला आणि हळूहळू चावत राहिल्या.

मुद्दाम केलं नव्हतं, खरंच सांगतो. मला स्वयंपाक येतच नव्हता.

"मीठ जास्त झालं गा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी ताट ओढून मांडीवर घेतलं.